कोनाड्यातलं ढेकूळ

दमले हो मी. रडून जेवढी दमले नाही, तेवढी लोकांना "बरी आहे" सांगून दमले. तुम्ही चैतात गेलात, तेरवी झाली, देवरीहून आलेली आपली लेक कुसुम थोडे दिवस राहून तिच्या घरी परतली, आणि आता उन्हाळा सरत आला तरी दारावरून जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारते, "जेवल्या का मास्तरीणबाई?" जेवले. रोज जेवते. एकटीपुरता भात टाकायचा हात अजून बसला नाही, म्हणून उरतो, आणि उरलेला दुसऱ्या दिवशी खाते. हे काही तुम्हाला सांगण्यासारखं नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. दर आठवड्याला येणाऱ्या माणसाला काय लिहायचं? साठवून ठेवायचं आणि शनिवारी बोलायचं, हीच सवय. आता साठलं आहे फार, आणि शनिवार येतो तो रिकामाच. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही आमगावच्या शाळेत मास्तर आणि मी इथे गावात शेतीवर. लोकांचा संसार सगळ्या आठवड्याचा, आपला शनिवार दुपार ते सोमवार पहाट. शनिवारची सकाळची शाळा सुटली की तुम्ही सायकल काढायचात. मी दारात पितळी गंज पाण्यानं भरून ठेवायची, कारण तुमचे पाय चिखलानं भरलेले असणार हे ठरलेलं. भर उन्हाळ्यातसुद्धा! परगावाहून आलेला माणूस आधी घरी येतो, तुम्ही आधी बोडीवर, शेतातल्या आपल्या तळ्यावर, जायचात. सायकल तळ्याच्या बांधाला, पाळीला, टेकवायची, धोतर खोचायचं आणि काठच्या गवतात वाकून बसायचं. घरी यायला सांज व्हायची. मग तुम्ही पायरीवर उभे राहून एक पाय पुढे करायचात आणि म्हणायचात, "ओत ना व, तोंड कायले फुगवून राहिली?" मी मुद्दाम सगळं पाणी एकदम ओतायची. तुम्ही हसायचात, मी हसायची नाही. निदान तुमच्यासमोर नाही.

त्या तिळीवर मी किती चिडले असेन! स्वराज्य आलं त्या पावसाळ्यात तुम्ही ती पहिल्यांदा घरात आणलीत, नखावर बसवून. मी चुलीशी होते. तुम्ही ते नख माझ्या नाकापुढे धरलंत.

"पाह्य बरं."

"घाण आहे. हात धुवा."

"घाण नाही, गोगलगाय आहे. पुरी वाढलेली. याच्याहून मोठी ते होतच नाही."

"तिळाएवढी तं आहे! तिच्यासाठी दुपारपासून चिखलात बसून होते का तुमी?"

"तिळी," तुम्ही म्हणालात. "बेस नाव ठेवलं तू."

म्हणजे नाव माझंच. बोडीतल्या मोठ्या गोगलगायी, घोंग्या, लोक शिजवून खातात, त्यांना नाव आहे, चव आहे, बाजारात गिऱ्हाईक आहे. तिळी खायची नाही, विकायची नाही, देवाला वाहायची नाही. ढोर पाणी प्यायला उतरलं की त्याच्या खुराखाली कितीतरी जात असतील आणि कुणाला पत्ता नसेल. तिचं काय एवढं, असं मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "काहीच नाही. म्हणूनच पाहून राहिलो." हे काही उत्तर झालं? पण तुमची उत्तरं अशीच असायची.

शाळेच्या कपाटातल्या कुठल्याशा पुस्तकात तुम्ही वाचलं होतं, की समुद्राच्या खाडीत खारट चिखलाचं गवताळ रान असतं आणि त्यात तिळीची बहीण शोभेल अशी एक बारीक गोगलगाय राहते. भरतीचं पाणी चढायला लागलं की ती गवताच्या काडीवर चढते आणि ओहोटी लागली की उतरते. दिवसातून दोनदा. तुम्ही हात वर-खाली करून मला ते दाखवलंत. आपल्या इथून समुद्र किती लांब, मध्ये किती गाड्या बदलाव्या लागतील, हेही सांगितलंत. मी म्हटलं, "लोक समुद्रावर जातात तं समुद्र पाहाले जातात. तुमी मले गोगलगाय दाखवाले नेसान." तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "समुद्रही दिसन की बाजूले."

मालगुजारी गेली तेव्हा गावचा मोठा तलाव सरकारजमा झाला. घरच्या धानाच्या बांध्यांच्या डोक्यावरची ही एवढीशी बोडी तेवढी तुमच्या आणि दौलतभाऊजींच्या नावावर राहिली. उन्हाळ्यात ती आटली की गाळ काढून बैलबंड्यांनी बांध्यांत टाकायचा. गाळ काढायचा पहिला दिवस आपल्या घरी सणासारखा. पहिलं निघालेलं ढेकूळ हळदकुंकू लावून घरात आणायचं, देवाशेजारच्या कोनाड्यात ठेवायचं आणि मिरग लागला की पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, बांधीत नेऊन हातानं फोडायचं. ते फुटल्याशिवाय धान टाकायचं नाही. दुसऱ्या घरी ही रीत मी पाहिली नाही. सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी ते फोडायला लावलं होतं आणि मी ते पायानं फोडायला गेले म्हणून केवढ्या रागावल्या होत्या.

एका वर्षी गाळ भरपूर निघाला आणि मी तो सगळा पऱ्ह्यांच्या बांधीत टाकवला. पाऊस झाला, पऱ्हे बोटभर वर आले आणि एका सकाळी पाहते तर पात्यापात्यावर तिळ्या. बाया लावून वेचायला सुरुवात केली. रविवार होता. तुम्ही बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून हसत होतात.

"हसून काऊन राहिले? सारे पऱ्हे खाऊन टाकतीन ह्या!"

"पऱ्हे नाही खात. पऱ्ह्यावरचं शेवाळ खाते. तुह्या धानाले ते हात नाही लावत."

"पण आल्या कुठून? गाळ तं साऱ्या उन्हाळ्यात भाजून निघाला. मेल्या होत्या ना सगळ्या?"

मग तुम्ही खाली बसलात आणि एक तिळी तळहातावर घेऊन दाखवलीत. शंखाच्या तोंडाला एक चकती. एवढ्याशा जिवाला आणखी एवढंसं दार. पाणी गेलं की चिखलात शिरते, दार लावून घेते आणि थांबते, असं तुम्ही सांगितलंत. मी विचारलं, किती दिवस? तुम्ही म्हणालात, "पानी येवोस्तोर." बाया हसल्या, मीही हसले. पण त्या सोमवारी पहाटे तुमची सायकल वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी दार लावायला आत वळले, तेव्हा माझ्या मनात तीच चकती आली. तुम्हाला हे कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं. तुमच्या तिळीचा मला राग नव्हता, तिच्याकडे तुम्ही आधी जायचात याचा होता.

आणि बोडीचं भांडण. ते तर आपलं ठरलेलंच. नहराचं, कालव्याचं पाणी शेतात येणार म्हणून सगळीकडे बोललं जात होतं. लोक आपापल्या बोड्या फोडून त्यांच्या बांध्या करत होते. बोडीच्या तळाला कमरेएवढं धान येतं हे काय मला कुणी शिकवायला हवं होतं? शेती मी करत होते. दौलतभाऊजींच्या वाट्याची वरची बांधी दर वर्षी पाण्याविना अर्धी पोळायची, त्यांच्या घरी खाणारी तोंडं जास्त. ते म्हणायचे फोडू, मी म्हणायची फोडू, आणि तुम्ही एकटे म्हणायचात, "राहू द्या."

"राहू कायले द्या?"

"तिळी कुठं जाईन?"

एका रविवारी तुम्ही असं म्हणालात आणि मी तुम्हाला बरोबर कोंडीत पकडलं. मी म्हटलं, "एवढी पक्की आहे ना तुमची तिळी? पान्याविना जगते ना? मंग तिले बोडी कायले पाहिजे? राहीन ढेकळात." मास्तरांना गप्प बसवलं म्हणून मी अख्खा आठवडा खुशीत होते. पुढच्या शनिवारी तुम्ही बोडीवर न जाता सरळ घरी आलात. उन्हात सायकल मारून तोंड लाल झालेलं, आणि सायकलवरून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात.

"सांगू का? ते थांबते ते पान्यासाठी थांबते. पानी येनारच नाही असं आपनच ठरवून टाकलं, तं मंग ते थांबनं नाही राहिलं. ते पुरनं झालं."

"आठवडाभर हेच घोकून राहिले होते का?"

"हो."

"शाळेत सांगा हे. शेतात नाही चालत," मी म्हटलं आणि गंज उचलून आत नेला, कारण तुमचे पाय त्या दिवशी कोरडे होते. तुमचं म्हणणं मला पटलं नव्हतं. खरं तर मी ते नीट ऐकलंही नव्हतं. तुम्ही आधी घरी आलात याच्याच आनंदात होते.

मागच्या मिरगाला तुम्ही कहर केलात. कोनाड्यातलं ढेकूळ फोडूच दिलं नाहीत. भाऊजी बांधीत वाट पाहत उभे, आणि तुम्ही म्हणता यंदा दुसरं कुठलंही ढेकूळ फोडा, हे राहील. का, तर त्यातली तिळी आणखी एक वर्ष कोरडी राहून जगते का ते पाहायचं होतं. मी म्हटलं, जगणं शक्य नाही. तुम्ही म्हणालात, जगेल. पैज लागली. तुम्ही हरलात तर आमगाव सोडून जवळच्या गोरेगावच्या शाळेत बदली मागायची, म्हणजे रोज संध्याकाळी घरी. मी हरले तर तुमच्याबरोबर समुद्रावर जायचं. भाऊजी डोक्याला हात लावून निघून गेले. मी मात्र वर्षभर त्या ढेकळाकडे बघून मनात हसत होते, कारण हरले काय आणि जिंकले काय, मला तुम्हीच मिळणार होतात.

मग चैत आला. ते आजारपण मी इथे लिहीत नाही. त्यावर बोलून बोलून गावाची तोंडं दुखली.

दहाव्याला भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, "ढेकूळ नाही फोडलं म्हनून दादा गेला." मी म्हटलं, "ढेकळानं मानूस नाही मरत, भाऊजी." बोलले खरी. पण घरी येऊन कोनाड्यासमोर उभी राहिले आणि ते उचलून अंगणात आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. दिवा लावला आणि जेवण न करता पडून राहिले.

परवा भाऊजी पुन्हा आले. वाईट माणूस नाही तो, तुम्हाला माहीत आहे. तुमचं नाव निघालं की अजून शेल्यानं डोळे पुसतात. पण पोटाचं काम डोळ्यांसाठी थांबत नाही. म्हणाले, "वयनी, मिरग जवळ आला. पाळ फोडाची असन तं आता फोडा लागन. तुमी हो म्हना, मी मानसं सांगतो."

"उद्या सांगते," मी म्हटलं.

"दादा होता तवा तं तुमीच म्हनत होत्या फोडू म्हनून."

म्हणत होते. खोटं कसं सांगू?

काल शनिवार होता. सकाळी आंघोळ केली आणि कोनाड्यातून ढेकूळ काढलं. हळद अजून एका बाजूला धरून होती. बाकी दगड झालेला. दारामागे चैतापासून पालथा पडलेला तो गंज घेतला, घासला, पाण्यानं भरला आणि ढेकूळ त्यात सोडलं. पैज संपवायची होती. बारीक बुडबुडे आले, मग ढेकूळ हळूहळू बसलं आणि नुसतं गढूळ पाणी राहिलं. मी शेजारी बसले. मला काय हवं आहे तेच मला कळेना. तिळी मेलेली निघाली तर मी जिंकले, पण बदली आता कोण मागणार? जिवंत निघाली तर समुद्र, पण नेणार कोण? एवढी वर्षं भांडून मी शेवटी अशा जागी येऊन बसले होते की कुठलाही निकाल लागला तरी मला घेण्यासारखं काही नव्हतं. फार थकवा आला. भिंतीला टेकले तशी झोप लागली.

दुपार कलल्यावर भाऊजी आले. मी चहा ठेवला. ते गंजाशी ओसरीवर बसले.

"हे काय भिजत घातलं?"

"ढेकूळ."

"घरात नाही फोडत ते वयनी! बांधीत फोडाचं असते!" ते चिडले. त्यांनी चहा बशीत ओतला, एक घोट घेतला आणि बशी तशीच हातात धरून पुढे वाकले.

"वयनी. हे काय सरकून राहिलं?"

पाण्याच्या जरा वर, पितळेवर, एक ठिपका. तीळ. मागे ओली रेघ. मला वाटलं होतं मी रडेन. पण मला तुमचा रागच आला. असे कसे तुम्ही, एवढं खरं ठरायचं होतं तर थोडं थांबता येत नव्हतं का?

"जिती आहे," भाऊजी म्हणाले. "दादाची आहे हे." बशी खाली ठेवून त्यांनी शेल्यानं नाक पुसलं. मग म्हणाले, "पाहा, आता तं काही अडचनच नाही राहिली. एवढे दिवस कोरडी राहून मेली नाही. बोडी फोडली तरी नाही मरत ते. राहीन ढेकळात. तुमीच तं म्हनत होत्या दादाले."

माझंच वाक्य. शब्दही माझेच. ज्यानं तुम्हाला गप्प बसवल्याची खुशी मी आठवडाभर पुरवली होती, तेच. दुसऱ्याच्या तोंडून ते इतकं वाईट लागेल असं वाटलं नव्हतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "ते थांबते ते पान्यासाठी थांबते. पानी येनारच नाही असं आपनच ठरवून टाकलं, तं मंग ते थांबनं नाही राहिलं. ते पुरनं झालं."

त्या दिवशी ऐकलं नाही असं मी समजत होते. ऐकलं होतं की सगळं.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "दादा बोलल्यासारख्या बोलून राहिल्या तुमी," ते म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "मंग माह्या वरच्या बांधीचं काय?"

हे मात्र तुम्ही कधी विचारात घेतलं नव्हतं, बोलते स्पष्ट. मी म्हटलं, "औंदाचा गाळ सारा तुमी न्या. माह्या बांधीत एक बंडी नोको. पाळीले मात्र हात नाही लावाचा."

भाऊजी उठले. चपला पायात घालता घालता म्हणाले, "राहू द्या मंग. पण ढेकूळ बांधीतच फोडत जा वयनी. हे असं बरं नाही." त्यांचं तेवढं राहायला हवं होतं, राहिलं.

ते गेल्यावर मी गंज कडेवर घेतला आणि बोडीवर निघाले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, बोडीवर मी गेले ती धुणं घेऊन, ढोरं घेऊन, नाहीतर तुम्हाला बोलवायला. नुसतीच कधी गेले नव्हते. मध्ये थोडं पाणी उरलं आहे, भोवती भेगाळलेला चिखल. लुगडं खोचलं आणि आत उतरले. तुम्ही बसायचात तिथे गवताशी वाकले, गंज तिरपा करून पाण्यात धरला. तिळी बराच वेळ हललीच नाही. मग घसरत घसरत गेली. तिथे गवताच्या मुळाशी आणखी होत्या, तशाच, तेवढ्याच. आता तुमची कुठली आणि बोडीची कुठली, मला सांगता यायचं नाही. तुम्हालाही आलं नसतं.

मी तिथेच बसून राहिले. काय पाहत होतात इतकी वर्षं ते पाहत होते. फार काही दिसलं नाही. एक काडीवर चढत होती, समुद्राजवळच्या त्या दुसरीसारखी, आणि तुमचा वर-खाली होणारा हात आठवला. तुम्ही जिंकलात हो. समुद्राचं देणं माझ्याकडे राहिलं आहे. "माझी बायको एवढी कजाग, तरी हरली," म्हणून तुम्ही शाळेभर सांगितलं असतं, आणि मी सांगू दिलं असतं. तुमच्याशी भांडायला मला फार आवडायचं. हे शनिवारी सांगायचं म्हणून किती आठवडे ठेवलं आणि राहूनच गेलं.

सांज झाली तशी उठले. रिकामा गंज घेऊन घरी आले. पाय पोटऱ्यांपर्यंत भरलेले. पायरीवर उभी राहिले, सवय असल्यासारखा एक पाय पुढे केला, आणि मग ध्यानात आलं की पाणी ओतणारं घरात कुणी नाही. समोर दार उघडं होतं. चिखल पायांवर वाळला तरी मी तिथेच उभी होते.